बिल्ल्यावरचं नाव

“मोठ्यानं वाचा, आणि ओळीओळीचं इंग्रजी मला सांगा,” अधिकारी म्हणाला. दुभाषी बाईंनी पर्समधून चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि त्या टॅबलेटवर वाकल्या.

लेस्टरमधल्या माझ्या कॉलेजातली ती खोली. बाहेर चक्क ऊन पडलं होतं, खिडकीखाली पोरं गवतावर लोळत होती. आत टेबलाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला व्हिसा खात्याचा अधिकारी. मला इंग्रजी येत होतं. बाईंना बोलावलं होतं ते टॅबलेटवरच्या फोटोसाठी. फोटोत आमच्या गडहिंग्लजच्या चौकातलं एक डिजिटल होतं. फ्लेक्सच्या बॅनरला आमच्याकडं डिजिटलच म्हणतात. त्या डिजिटलवर मधोमध पुरुषभर उंचीचा मी उभा होतो.

“हार्दिक अभिनंदन,” बाई वाचू लागल्या. “गडहिंग्लजचे सुपुत्र महांतेश दुंडाप्पा घुगरी यांची इंग्लंड येथील नामांकित कंपनीत उच्च पदावर निवड झाल्याबद्दल.” मग त्यांनी त्याचं इंग्रजी केलं.

“कसलं उच्च पद?” अधिकाऱ्यानं मला विचारलं.

ब्रेडवर काकडीच्या चकत्या मांडण्याचं पद, असं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिथंच सगळं आटोपलं असतं. “वडिलांनी कौतुकानं लिहिलंय,” एवढंच म्हणालो.

“पुढं?”

“शुभेच्छुक,” बाई वाचून थांबल्या. “म्हणजे भलं चिंतणारे. खाली त्यांचे फोटो आहेत. बरेच आहेत. नावं वाचू?”

“हे सगळेसुद्धा त्याच कंपनीत काम करतात?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडं तशी पद्धत आहे.”

अधिकारी त्या चेहऱ्यांकडं बघत राहिला. गॉगल लावलेला आमचा नगरसेवक, मोबाइल कानाला लावून उभे तरुण मंडळाचे अध्यक्ष, फेटा बांधलेले माझे दोन मामा. एरवी मला हसू फुटलं असतं.

“आणि सर्वांत खाली, मार्गदर्शक, चौगुले सर, उंच भरारी ओव्हरसीज,” बाईंनी शेवटची ओळ वाचली. त्याखालचं त्यांना वाचावं लागलं नाही, ते इंग्रजीतच होतं. चौगुले सरांनी डिजिटलसमोर उभं राहून फोटो काढला होता आणि आपल्या पेजवर टाकताना वर लिहिलं होतं, आमचा विद्यार्थी, स्टुडंट व्हिसा, महिन्याच्या आत फुल टाइम जॉब. ते कुणीतरी वाचलं आणि पाठवायचं तिथं पाठवलं. कोण ते मला आजही माहीत नाही.

एवढं होऊनही मी खुर्चीत बऱ्यापैकी निवांत होतो. कारण त्या कारखान्यात माझं नाव कुठंच नव्हतं. कागदावर नाही, संगणकात नाही, पगारात नाही. तीच तर चौगुले सरांची करामत होती.

चौगुले सर आधी इंग्रजी बोलायला शिकवण्याचे क्लास घ्यायचे. ते इंग्रजी ऐकून कुणी कुठं पोचलं नाही, मग त्यांनी थेट पोचवायचाच धंदा काढला. कॉलेज ते शोधून देणार, व्हिसा ते काढून देणार आणि तिथलं कामही तेच लावून देणार. नियम त्यांना पाठ होता. कॉलेज चालू असताना स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्यावर गेलात तर व्हिसा रद्द, आणि फसवून केलंत असं ठरलं तर वर दहा वर्षं त्या देशाचं दार बंद. मी निघायच्या आधी विचारलं होतं.

“सर, वीस तासांत भागतंय काय तिथं?”

“कुणाचं भागतंय? वीस तास सरकारला दाखवायला. बाकीचं काम आपल्यातल्याच कुणाच्या तरी नावावर करायचं. महांतेश, कॉलेज म्हणजे तिकीट रे. गाडीत बसल्यावर कोण तिकिटाकडं बघत बसतंय काय?”

आपल्यातला म्हणजे आजऱ्याचा हर्षल दाभोळे. त्याची बायको सुचेता तिथं नर्स. तिच्या व्हिसावर आलेला असल्यामुळं त्याला हवं तेवढं काम करायची मुभा होती. त्याच्या नावावर सँडविचच्या कारखान्यात नोकरी होती. ती मी करायचो, आणि तो दुसरीकडं गाडी चालवायचा. पगार त्याच्या खात्यात जायचा, आपला वाटा काढून उरलेलं तो मला द्यायचा. बिल्ल्यावर फोटो नसायचा, नुसतं नाव. तिथल्या सुपरवायझरला आमचे चेहरे एकसारखेच दिसत असावेत. सुचेता वहिनी मात्र चांगली बाई. आठवा महिना लागला होता तरी ज्वारीच्या भाकरी आणि खर्डा बांधून पाठवायची.

मी शिकत नव्हतो असंही नाही. वर्गात एक दिवस चुकवला नव्हता. प्रबंध लिहून होत आला होता, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. तो दिला की डिग्री, आणि डिग्री हातात आली की त्याच देशात रीतसर, स्वतःच्या नावानं नोकरी शोधायला मुदत मिळणार होती. मला दुसरं काही नको होतं. त्या खोलीत माझं तेवढंच पणाला लागलं होतं, आणि ते फार होतं.

फोटोची गोष्ट अशी, की आप्पा फोनवर सारखे म्हणायचे, “एक बरा फोटो धाड की. सायबासारखा.”

माझे वडील दुंडाप्पा पेंटर. गडहिंग्लजमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. डिजिटल आलं तसे ब्रश माळ्यावर गेले, आणि आप्पा मशिनवर लोकांचे वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या छापू लागले. गावातल्या कुठल्याही सोम्यागोम्याचं नाव त्यांनी चौकात झळकवलं होतं. घरचं नाव झळकवायची संधी काही आली नव्हती. म्हणून एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी डोक्यावरची निळी जाळी काढली, केस नीट केले आणि कारखान्याच्या स्टीलच्या दारापुढं कंपनीच्या पांढऱ्या कोटात उभं राहून फोटो काढून घेतला. छातीवरचा बिल्ला काढून ठेवावा हे डोक्यातही आलं नाही. फोनवर तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता.

“तुम्ही या कंपनीत कधी काम केलंय?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“नाही. तुम्ही त्यांच्याकडं चौकशी करा.”

“केली. तुमचं नाव त्यांच्याकडं नाही.”

“मग झालं तर,” मी म्हणालो.

“मग हे काय आहे?” त्यानं टॅबलेट माझ्याकडं फिरवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. कोटाचा खिसा आला, त्यावर दोऱ्यानं विणलेलं कंपनीचं नाव आलं, मग बिल्ला आला. बिल्ल्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, महांतेश घुगरी.

मला काही कळेचना. तो बिल्ला मी प्रत्येक पाळीला लावत होतो आणि पाळी सुटली की काढत होतो. त्यावर हर्षल दाभोळे असं लिहिलेलं असायचं. मी परत परत वाचलं. मग अक्षराकडं लक्ष गेलं. कंपनीच्या बिल्ल्यांवरची अक्षरं किडमिडी असायची. ही ठसठशीत होती, आणि प्रत्येक अक्षराला उजवीकडून खाली बारीक सावली दिलेली होती. ती सावली मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या गावात इतकी नीट सावली एकच माणूस देतो.

आप्पांनी फोटो मोठा केला असणार. पोराच्या छातीवर भलत्याचंच नाव बघून त्यांच्या जिवाची घालमेल झाली असणार. लोक काय म्हणतील, घुगरीच्या पोराच्या अंगावर दाभोळ्याचं नाव कसं. म्हणून त्यांनी ते पुसलं आणि तिथं माझं नाव घातलं. हौसेनं, वेळ काढून, सावलीसकट.

“हा कोट मित्राचा आहे,” असं मी म्हणणार होतो. शब्द ओठावर आले होते. पण पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता. मित्राचं नाव काय? बिल्ल्यावर आधी कुणाचं नाव होतं? एकदा ते नाव तोंडातून गेलं की दुसऱ्याच्या नावावर काम केलं हे उघड. माझं तर जाणारच होतं, वर सुचेता वहिनीच्या व्हिसावर आणि नोकरीवर पाणी सोडून, तिच्या पोटातल्या पोरासकट हर्षललाही आजऱ्याची वाट धरावी लागली असती. आणि वडिलांनी नाव बदललं म्हणावं, तर मूळ नावावाचून ते कोण खरं मानणार होतं? मला आप्पांचा राग आला, इतका की डोळ्यांपुढचं दिसेना. दुसऱ्याच क्षणी ते कोपऱ्यातल्या संगणकापुढं चष्मा कपाळावर चढवून वाकलेले दिसले, आणि रागावायचीही सोय उरली नाही.

“नीट विचार करून सांगा,” दुभाषी बाई हळूच मराठीत म्हणाल्या.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?” अधिकाऱ्यानं लगेच विचारलं.

“नीट विचार करून सांगा म्हटलं,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि त्यानंतर त्या माझ्याकडं बघेनाशा झाल्या.

“बिल्ला माझाच आहे,” मी म्हणालो. “मी तिथं फुल टाइम काम करत होतो. माझ्याच नावानं. त्यांनी मला नोंद न करता ठेवलं होतं.”

त्या खोलीत मी आधीही खोटंच बोललो होतो. पण या खोट्यावर मात्र त्यानं ताबडतोब विश्वास ठेवला.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तसंच राहिलं. कॉलेजनं नाव काढून टाकलं, आणि थोड्याच दिवसांत मला विमानात बसवून दिलं. हर्षलनं माझा नंबर त्याच संध्याकाळी ब्लॉक केला होता. त्याला मुलगी झाली हे मला पुढं आजऱ्याच्या एका पाहुण्याकडून कळलं.

गावात आलो तेव्हा माझं डिजिटल चौकातून उतरलं होतं. आप्पांनी ते दुकानामागं लाकडावर झाकायला घेतलं होतं. चौगुले सरांकडं गेलो तर त्यांनी चहा मागवला.

“तिथं जरा जपून राहायचं असतं, महांतेश,” ते म्हणाले. “इथं बसून मी काय काय बघू?”

आप्पांचं एकच म्हणणं होतं. “कुणीतरी जळलं बग आपल्यावर.”

“असंल,” मी म्हणायचो. माणसानं आयुष्यात एकदाच मनापासून आपल्या पोराचं नाव लिहिलं, त्याला काय सांगायचं? दुकानातला संगणक मी चालवायला घेतला. सकाळपासून गावाचे वाढदिवस लावत बसायचो.

असंच दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी चौगुले सर दुकानात आले. त्यांनी मोबाइलवरून एक फोटो पाठवला.

“दुंडाप्पा, उद्या उजाडताना चौकात लागायला पाहिजे. बाळगोंडा मगदुमांचा संमेद. मजकूर महांतेशच्या वेळचाच ठेवा, नाव तेवढं बदला.”

मी फोटो उघडला. संमेद मला माहीत होता, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. केशरी जाकीट घालून कुठल्यातरी गोदामाच्या दारात उभा होता. दात दाखवून हसत होता. छातीवर बिल्ला होता. मी फोटो मोठा करायच्या आधीच मला कळलं होतं, तरी केला. बिल्ल्यावर कुणा दुसऱ्याचंच नाव होतं.

आप्पा माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. “थांब, थांब. हे बग, ह्येच्याबी बिल्ल्यावर भलत्याचंच नाव. कसली रं ही माणसं, एकाचा बिल्ला दुसऱ्याला लावत्यात. दुरुस्त कर. तुझ्याला मी केलं हुतं की, तसं. आणि सावली द्यायला इसरू नगो.”

“हां, तेवढं कराच,” चौगुले सर म्हणाले. “मागच्या वेळी लई उठून दिसलं होतं.”

मी माउसवरचा हात काढला. “आप्पा, तो बिल्ला चुकीचा नव्हता.”

“म्हंजे?”

“मी त्याच नावानं काम करत होतो. हर्षल दाभोळेच्या. माझ्या नावानं तिथं एवढे तास काम करताच येत नव्हतं. त्यांच्याकडं माझ्याविरुद्ध काही नव्हतं, आप्पा. फक्त तो बिल्ला होता, त्यावर माझं नाव होतं.”

“जुनं कशाला उकरून काढतोस?” चौगुले सर म्हणाले.

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. “मग तिथं बोलला का न्हाईस, बापानं लिवलंय म्हणून?”

“मग आधी कुणाचं नाव होतं ते विचारलं असतं. त्याची बायको गरोदर होती.”

“आणि घरात? घरात का बोलला न्हाईस?”

“सांगून काय झालं असतं?”

“दोन वर्सं मी गावभर सांगत फिरलो, कुणीतरी जळलं आमच्यावर म्हणून,” आप्पा म्हणाले. “तेवढं तरी फिरलो नसतो.” ते स्टुलावर बसले आणि कपाळावरचा चष्मा काढून हातात धरून राहिले.

“दुंडाप्पा, छापताय की नाही?” चौगुले सरांनी विचारलं.

“मशिन बंद हाय.”

“चालू तर दिसतंय.”

“माझ्यासाठी बंद हाय,” आप्पा म्हणाले. “आणि तुमी जावा आता.”

चौगुले सर गेले. जाताना म्हणाले, छापणारे गावात तुम्ही एकटेच नाही. ते मात्र खरं होतं.

संध्याकाळी आप्पा मला घेऊन बाळगोंडा मगदुमांच्या घरी गेले. बाळगोंडा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. आप्पांनी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. स्वतःच्या हातानं नाव लिहिलं तेही सांगितलं. बाळगोंडांनी ऐकून घेतलं आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

“दुंडाप्पा, तुमच्या पोराचं डिजिटल लागलं तवा आमी पेढं खाल्लं. खोटं न्हाई. आता आमच्याचं लागाय लागलं तर तुमाला बगवंना व्हय?”

“तसं न्हाई, बाळगोंडा.”

“मग कसं? तुमच्याला जमलं न्हाई. परत आला. आता दुसऱ्याचं पोरगं बी परत आलं म्हंजे तुमचं समाधान हुईल काय?”

“काका, संमेदला फक्त एक फोन करा,” मी म्हणालो. “त्याला माहीत असेल बिल्ल्यावर कुणाचं नाव आहे ते. मी सांगतोय ते खोटं असलं तर तो सांगेल.”

“त्यो कामात असतोय तिकडं. तुज्यासारखा रिकामा न्हाई.”

मला ते लागलं. आप्पांना जास्त लागलं.

सकाळी चौकात संमेद मगदूम लागला होता. दुसऱ्या दुकानातनं छापून आणला होता. रंग भडक, अक्षर बेढब, आणि माझ्या वेळचे शुभेच्छुक जसेच्या तसे. बिल्ल्यावर संमेदचं नाव होतं. सावलीसुद्धा दिली होती, डावीकडून.

मी दुकान उघडायला आलो तर आप्पा माळ्यावरून ब्रशांचा डबा काढून खाली बसले होते. ब्रश वाळून काड्या झाले होते. त्यांनी टर्पेंटाइनमध्ये एक भिजवला, केस बोटांनी मोकळे केले. काळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा ढवळला. मग मला म्हणाले, “शिडी घे.”

चौकात बाजाराची माणसं जमायला लागली होती. मी शिडी टेकवली, आप्पा चढले. वर गेल्यावर त्यांनी डबा नीट धरला आणि ब्रश रंगात बुडवला. खाली लोक थांबले. कुणीतरी म्हणालं, बघा, पोटात दुखतंय. कुणीतरी बाळगोंडांना बोलवायला गेलं.

चौगुले सर मोटारसायकल लावून आले. वर बघून हसले.

“दुंडाप्पा, उतरा खाली. पडाल. काय उपयोग आहे त्याचा? फोटो मी उजाडतानाच टाकलाय पेजवर. बघा की, किती जणांनी बघितला ते.” त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. मी बघितलं. फोटोत बिल्ला स्वच्छ वाचता येत होता.

“आप्पा,” मी वर हाक मारली. “फोटो गेलाय.”

त्यांनी ऐकलं. हात थांबला, डब्याच्या कडेला ब्रश टेकवून ते तसेच उभे राहिले.

“शिडी नीट धर,” ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. आप्पांनी आधी बिल्ल्याच्या चारी कडांना बारीक रेघ मारून घेतली, आणि मग आत काळा रंग भरला. बाहेर एक थेंब जाऊ दिला नाही.